चाच्यांना झोपवणार कोण?

समुद्री चाचा म्हणजे कोण? भर समुद्रात जहाजं लुटणारा, माणसं मारणारा दरोडेखोर. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटलं. त्यावरच्या यात्रेकरूंचे जे हाल झाले, ते मोठ्यांनाही ऐकवत नाहीत. आणि आज त्याच जमातीतला माणूस चित्रांच्या पुस्तकात शिरून चार वर्षांच्या पोरांना पोट धरून हसवतो आहे! हे घडलं तरी कसं?

आधी त्याचे कपडे पाहू. कमरेला लाल शेला, डोक्याला रुमाल, कानात बाळी. कोणतंही मूल असाच चाचा काढतं. पण बहुतेक खरे चाचे साध्या खलाशांच्या कपड्यांत वावरत. हा झोकदार वेष मुख्यतः हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या चित्रांतून रुजवला. त्याचा शिष्य एन. सी. वायथ याने १९११ मध्ये ‘ट्रेझर आयलंड’ या चाच्यांच्या कादंबरीसाठी चित्रं काढली आणि चाचा कायमचा तसाच दिसू लागला.

आणि खजिन्याचा नकाशा? तो तर चक्क रंगपेटीतून आला. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी पावसाने सगळ्यांना घरात कोंडलं होतं. या कादंबरीचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आपल्या सावत्र मुलाबरोबर रंगांत रमला असताना एका बेटाचा नकाशा तयार झाला. आधी नकाशा, मग त्यावरून ‘ट्रेझर आयलंड’! म्हणजे आपण ज्याला चाचा म्हणून ओळखतो, तो मुळातच चित्रांच्या दुनियेतला. मग तो चित्रपुस्तकात इतका सहज रुळला, यात नवल ते काय?

पण मुलं त्याला हसतात का? चार वर्षांच्या मुलाचा दिवस आठवा. दात घास, भाजी खा, हळू बोल, आता झोप. दिवसभर हुकूम! आता मेलिंडा लाँग यांचं २००३ मधलं ‘हाऊ आय बिकेम अ पायरेट’ उघडा. डेव्हिड शॅनन यांनी रंगवलेले यातले चाचे दात घासत नाहीत, त्यामुळे ते दात हिरवेगार. भाजीला हात लावत नाहीत. जेवताना आरडाओरडा करतात. किनाऱ्यावर वाळू खणणारा जेरेमी जेकब त्यांच्या नजरेत भरतो, कारण खजिना पुरायला त्यांना खणणारा हवाच असतो. झालं, स्वारी निघाली चाच्यांबरोबर!

इथे एक विलक्षण गोष्ट घडते. हिरव्या दातांना हसायचं, तर दात घासायचे असतात हे पक्कं ठाऊक हवं. रशियन बालकवी कोर्नेई चुकोव्स्की यांनी लहान मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपलं. त्यांच्या लक्षात आलं, की जगाची सुलटी रीत मुलाला नीट समजली, की मगच त्याला उलट्या गोष्टींची गंमत वाटू लागते. ते हसू म्हणजे मुलाने स्वतःला दिलेली शाबासकी असते. ‘या एवढ्या दाढीवाल्याला कळत नाही, मला कळतं!’

आणि मग जहाजावर रात्र होते. जेरेमीला वाटतं, कोणीतरी पांघरूण घालावं, गोष्ट वाचून दाखवावी. पण चाचे असलं काही करत नाहीत! त्यांच्याकडे पुस्तकं नाहीत, नुसते नकाशे. वादळात धीर द्यायलाही कोणाला सवड नाही. नियम नसलेल्या जगात मायाही नसते, हे एवढं मोठं सत्य कोणीही उपदेश न करता मुलापर्यंत पोचतं. गंमत म्हणजे, खऱ्या चाच्यांनाही झोपायच्या वेळेचं बंधन होतं! बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरचे नियम १७२४ मध्ये छापले गेले. त्यांतला एक सांगतो, रात्री आठला दिवे आणि मेणबत्त्या बंद. ज्यांना त्यानंतर प्यायचं असेल, त्यांनी उघड्या डेकवर जावं.

आता जहाजावर सगळ्यात शहाणं कोण, तेही बघा. जॉन रायन यांचा कॅप्टन पगवॉश १९५० मध्ये ‘ईगल’ या इंग्रजी साप्ताहिकात अवतरला आणि १९५७ मध्ये पुस्तकात आला. हा कॅप्टन बढाया मारण्यात पटाईत, आणि आतून भित्रा. दर वेळी संकटातून सोडवतो तो टॉम, जहाजावरचा पोरगा! जेरेमीचंही तसंच. खजिना पुरायचा कुठे, हे त्या टोळीला तोच सुचवतो. चाच्यांच्या पुस्तकांत मोठी माणसं पोरकट वागतात आणि जहाज तारण्याची अक्कल पोराकडे असते.

सर्वांत मोठी करामत मात्र कागदावर आहे. मोठ्या कागदाला घड्या घातल्या, की सोळा पानांचा फॉर्मा होतो. असे दोन फॉर्मे म्हणजे ३२ पानं. बहुतेक चित्रपुस्तकं एवढ्यात आटोपतात. एवढ्याशा जागेत शब्द आणि चित्र यांनी तेच ते सांगून कसं चालेल? म्हणून तमाशात राजा गंभीरपणे बोलत असताना सोंगाड्या बाजूला खोड्या काढतो, तसं चित्र शब्दांच्या आडून भलतंच काही सांगत असतं.

ऑस्ट्रेलियन लेखिका मेम फॉक्स यांचं १९९४ मधलं ‘टफ बोरिस’ घ्या. चित्रं कॅथरिन ब्राऊन यांची. शब्द सांगतात, बोरिस दांडगा आहे, हावरा आहे, भीतिदायक आहे. आणि आपला पोपट मेल्यावर तो ढसाढसा रडतो. पण चित्रांत व्हायोलिनवाला एक मुलगाही वावरतो. शब्दांत त्याचा पत्ताच नाही! शेवटी उमगतं, की गोष्ट सांगणारा तोच आहे. वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाचे डोळे अक्षरांवर खिळलेले असतात, त्यामुळे हा मुलगा त्याच्या नजरेतून सुटू शकतो. ज्याला अक्षरओळख नाही, त्या मुलाला तो आधी दिसतो. आहे की नाही कमाल? वाचता न येणारा इथे वाचणाऱ्याच्या पुढे असतो.

तुमच्या घरात असं एखादं मूल असेल, तर यातलं एक पुस्तक मिळवाच. गोष्ट खुशाल आपल्या मराठीत सांगा, चाच्यांचे आवाज काढा, आरडाओरडा करा. फक्त पान उलटायची घाई करू नका. मुलाला चित्र मनसोक्त पाहू द्या आणि त्यात काय चाललंय, ते त्यालाच विचारा.