आवाजाची खोली

घराला रंग द्यावयाचा म्हणून सामानसुमान बाहेर काढलेल्या खोलीत कोणी बोलले, तर त्याचा आवाज निराळाच घुमतो, हे तुम्ही अनुभवले असेल. सामान परत आत गेले, पलंगावर गादी पडली, दोरीवर कपडे आले, की तीच खोली पुन्हा ओळखीची वाटू लागते. भिंती त्याच, बोलणारा तोच. मग आवाजात हा पालट कशाने झाला? एरवी या प्रश्नाचे उत्तर कोणी शोधीत बसत नाही. परंतु ज्यांना घरी बसून आवाज मुद्रित करावयाचा आहे, त्यांना ते शोधावेच लागते.

असे लोक आज पुष्कळ आहेत. अंध विद्यार्थ्यांकरिता पुस्तके वाचून ती ध्वनिमुद्रित करण्याचे काम अनेक स्वयंसेवक आपापल्या घरीच करतात. मुद्रणाचे साधन आता खिशातल्या मोबाइलमध्येच असते. मात्र हे वाचन ऐकणाऱ्याची अडचण ध्यानात घेतली पाहिजे. डोळस विद्यार्थ्याला एखादा शब्द नीट ऐकू आला नाही, तर तो छापील ओळीकडे पाहू शकतो. ज्याची सारी भिस्त ऐकण्यावर, त्याला ती सोय नाही. ‘पार’ की ‘फार’, ‘बार’ की ‘भार’, ‘काट’ की ‘खाट’, हे त्याला केवळ कानांनी ठरवावयाचे असते. हा भेद म्हणजे क्षणमात्र निसटणाऱ्या श्वासाचा भेद होय. स्वर दणकट असतात, व्यंजने नाजूक. मागच्या अक्षरातील स्वर खोलीत घुमत राहिला, तर तो पुढच्या व्यंजनावर पसरतो आणि ‘भार’चा ‘बार’ व्हावयास वेळ लागत नाही.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. खोली तीन मीटर लांब असली, तर तो एका सेकंदात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत शंभरांहून अधिक खेपा घालू शकतो. गिलावा केलेली भिंत प्रत्येक खेपेस त्याच्या शक्तीतील शेकडा दोन-तीन भागच गिळते. उरलेला ध्वनी परत फिरतो. विजापूरच्या गोलघुमटात, म्हणजे १६५६ साली पुऱ्या झालेल्या त्या प्रचंड वास्तूत, मारलेली हाक अनेक वेळा स्पष्ट परत येते, कारण तेथे अंतर मोठे असल्यामुळे प्रत्येक प्रतिध्वनी सुटा ऐकू येतो. लहान खोलीत सारे प्रतिध्वनी एकमेकांवर येऊन पडतात व त्यांचा नुसता घुमारा होतो.

या घुमाऱ्याचे गणित प्रथम मांडले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉलेस सॅबाइन यांनी. १८९५ साली तेथील फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह उघडले, आणि त्यात वक्त्याचे बोलणे कोणालाच कळेना! एकदा उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. हा दोष दूर करण्याचे काम या तरुण प्राध्यापकाकडे आले. दिवसा गडबड फार, म्हणून ते रात्री प्रयोग करीत. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या उचलून आणावयाच्या, ऑर्गनची एक नळी वाजवावयाची, ती थांबल्यावर आवाज किती वेळ ऐकू येतो ते मोजावयाचे, पुन्हा आणखी गाद्या मांडून मोजावयाचे आणि पहाटेपूर्वी सगळ्या जागच्या जागी नेऊन ठेवावयाच्या! आपल्या अंगावरचे कपडेही थोडा ध्वनी शोषतात हे ध्यानात येताच त्यांनी आधीच्या पुष्कळ नोंदी रद्द केल्या व पुढे प्रयोगाच्या वेळी नेहमी तोच पोशाख वापरला. प्रयोगशाळेतील सचोटी याहून वेगळी ती काय असणार?

सॅबाइन यांनी शोषणाचे माप म्हणून उघडी खिडकी घेतली. खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक चौरस मीटर पूर्ण शोषण. खोलीचे घनफळ घनमीटरांत घेऊन त्याला ०.१६ ने गुणावे व एकूण शोषणाने भागावे, म्हणजे घुमाऱ्याचा काळ सेकंदांत मिळतो. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशी रिकामी खोली घ्या. घनफळ २७ घनमीटर. भिंती, छत व जमीन मिळून ५४ चौरस मीटर. शेकडा तीन भाग शोषण धरल्यास ते १.६ चौरस मीटर भरते. घुमारा आला सुमारे २.७ सेकंद. वाचनासाठी तो ०.३ सेकंदांच्या आसपास हवा. म्हणजे १४.४ चौरस मीटर उघड्या खिडकीइतके शोषण पाहिजे. तेवढ्या खिडक्या खरोखरच उघडल्या, तर घुमारा जाईल आणि कावळे, फेरीवाले व शेजारच्या कुकरची शिटी आत येईल!

म्हणून शोषणासाठी सच्छिद्र पदार्थ घ्यावे लागतात. कापूस, लोकर, गोधडी, काचतंतूंची लोकर यांच्या बारीक छिद्रांत हवेचे कण घासले जातात व ध्वनीच्या शक्तीची अल्पशी उष्णता होते. आता खरी मेख येथे आहे. शोषक थर तरंगाच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतका जाड असेल, तर तो चांगले काम करतो. सेकंदाला १,००० कंपने असलेल्या स्वराचा तरंग ३४ सेंटिमीटरांचा; त्याला साडेआठ सेंटिमीटर पुरतात. १०० कंपनांच्या खर्जाचा तरंग ३.४ मीटरांचा, त्याला ८५ सेंटिमीटर लागतील! भिंतीवर पातळ पडदे लावले, तर वरचे स्वर तेवढे नाहीसे होतात आणि खर्ज तसाच घुमत राहतो. वाचणारा पेटीत बसून बोलत आहे असा भास होतो. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटविण्याची जी प्रथा आहे, तिचा उपयोग फारच थोडा. पुठ्ठा पातळ असतो. त्यांना लागणाऱ्या गोंदाचे पैसे वाचवावेत.

त्यापेक्षा कापसाच्या जाड गाद्या उभ्या कराव्यात, आणि त्या भिंतीला चिकटवून नव्हे, तर वीतभर पुढे. अगदी भिंतीलगत हवेचे कण हलतच नाहीत. मग घर्षण कोठून होणार? खर्ज कोपऱ्यांत साठतो, म्हणून गाद्यांच्या वळकट्या प्रथम तेथे ठेवाव्यात. लांबी, रुंदी, उंची सारखीच असलेली खोली यासाठी सर्वांत वाईट, कारण तिन्ही दिशांनी तेच स्वर फुगतात. वरील खोलीत सेकंदाला ११३ कंपनांचा स्वर असा फुगेल, आणि पुरुषांचा आवाज नेमका त्याच्या आसपास असतो. जागेची निवड आपल्या हाती असेल, तर लांबट खोली घ्यावी.

खोली आपल्या कानांना बरी वाटते, पण मुद्रण ऐकावे तर घुमते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यात खोटे काही नाही. आपल्याला दोन कान आहेत. समोरून येणारा शब्द व भिंतीवरून येणारी त्याची छाया मेंदू वेगवेगळी ओळखतो आणि छायेकडे दुर्लक्ष करतो. मायक्रोफोनला ही विवेकबुद्धी नाही. त्याला तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावे. अंतर निम्मे केले, की थेट येणारा आवाज चौपट बलवान होतो. आणि बाजूला ठेवल्याने ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा फुंकर त्यावर आदळत नाही. टेबलावर दुमडलेली चादर अंथरावी. दुसऱ्या कोणास भिंतीवरून आरसा सरकवावयास सांगावे. मायक्रोफोनच्या जागेवरून त्यात वाचणाऱ्याचे तोंड जेथे दिसेल, तेथे गादी हवीच.

हे सारे उपाय आतल्या घुमाऱ्यावरचे आहेत. रस्त्यावरचा आवाज अडविण्यास गादीचा फारसा उपयोग नाही. त्यास जड भिंत व हवाबंद दार लागते. दाराखालची बोटभर फट राहिली, तर जाड लाकूडही व्यर्थ जाते. ती फट कापडाच्या गुंडाळीने बुजवावी, पंखा बंद करावा आणि शक्य तर पहाटे, पहिली बस सुटण्यापूर्वी, वाचावयास बसावे.