कुटुंब-इतिहासाची नोंदसाधने (बारामती-इंदापूर परिसर)

कुटुंब-इतिहासाची नोंदसाधने म्हणजे घराण्याविषयी मिळालेली माहिती लिहून ठेवण्यासाठी व टिकवण्यासाठी वापरली जाणारी वही, वंशावळीचे तक्ते, संगणक-प्रणाली, ध्वनिमुद्रणे आणि कागद जतन करण्याच्या पद्धती. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत त्यांची निवड मुख्यतः तेथील कागदपत्रांच्या स्वरूपावर अवलंबून असते.

कागदपत्रे

महसुली नोंदींच्या इतिहासात इंदापूरला वेगळे स्थान आहे. प्रिंगलच्या आधीच्या पाहणीत दोष आढळल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ मध्ये येथे नव्याने काम हाती घेतले. त्यातून झालेली तीस वर्षांची आकारणी पुढे मुंबई इलाख्यातील सर्वेक्षणपद्धतीचा पाया ठरली. आज घराण्याचा माग काढताना सातबारा, फेरफार आणि कोतवाल बुक म्हणून ओळखली जाणारी जन्म-मृत्यूची नोंदवही प्रथम पाहिली जाते. जुनी पाने बहुधा मोडीत असतात. घरगुती वंशावळीत सहसा मुलगेच आढळतात. वारसाच्या फेरफारात मात्र काही वेळा मुलींची नावे, तीही सासरच्या आडनावासह, मिळतात.

या नोंदींना व्यावहारिक महत्त्वही आहे. इतर मागास वर्गाच्या जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. अशा वेळी पणजोबांच्या नावाचे एक पानही निर्णायक ठरू शकते.

नोंदपद्धती

मूळ मजकूर जसाच्या तसा राखता येणे, ही साधनाची पहिली कसोटी होय. मोडी कागदांवर शक, फसली किंवा शुहूर सन असतो. शकात ७८ किंवा ७९, फसलीत ५९० किंवा ५९१ आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवल्यास इसवी सन येतो. केवळ इसवी सन लिहून मूळ आकडा गाळल्यास झालेली चूक पुढे कोणालाही शोधता येत नाही. म्हणून दोन्ही लिहावेत. दत्तक, लग्नानंतर बदललेले नाव आणि पाळण्यातले नाव यांसाठी स्वतंत्र रकाना हवा.

ग्रॅम्प्स ही मुक्त संगणक-प्रणाली विनामूल्य आहे. कोणतीही प्रणाली निवडली तरी तिच्यातील माहिती जेडकॉम या देवाणघेवाणीच्या स्वरूपात बाहेर काढता येते का, हे आधी पाहावे. देखणा वंशवृक्ष ही त्यानंतरची बाब. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या मराठी टंकांत केलेल्या कित्येक धारिका तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरे दाखवतात. साध्या वहीला हा धोका नाही, पण तिची दुसरी प्रत नसते.

जतन

जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नये आणि चिकटपट्टी लावू नये. दोन्हींमुळे कायमची हानी होते. दप्तरे सुती कापडात बांधण्याची, म्हणजे रुमालाची, जुनी रीत आजही उपयुक्त आहे. छायाचित्राच्या किमान तीन प्रती ठेवून त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी.

मौखिक माहितीला मात्र थांबायला वेळ नाही. भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयात पळसदेवसारखी इंदापूर तालुक्यातील जुनी गावठाणे बुडाली. कोणाचे घर कोणत्या आळीत होते, हे विस्थापित पिढीतील वृद्धच सांगू शकतात. त्यामुळे त्यांचे ध्वनिमुद्रण कागदपत्रांच्या शोधाआधी करावे आणि प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी तारीख, गाव व सांगणाऱ्याचे नाव मोठ्याने उच्चारावे.