रेल्वेचे बोल ऐकण्याचा छंद : रेडिओ निवडण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

वास्कोहून निजामुद्दीनकडे निघालेली गोवा एक्स्प्रेस झाशी मागे टाकून ग्वाल्हेर स्थानकात येते. फलाटावरील प्रवाशाला गाडी दिसते, ध्वनिक्षेपकावरची उद्घोषणा ऐकू येते. मात्र गाडी सुटण्यापूर्वी लोको पायलट आणि गार्ड यांच्यात वॉकीटॉकीवरून जे चार शब्द बोलले जातात, ते त्याच्या कानी पडत नाहीत. रेल्वेवर जीव असणाऱ्यांना नेमके तेच शब्द ऐकण्याचे कुतूहल असते. परदेशी रेल्वेप्रेमींच्या चित्रफिती पाहून ‘असा रेडिओ आपणही घ्यावा’ असे अनेकांना वाटू लागते. ग्वाल्हेरसारख्या शहरात तर हे वेड मुरलेलेच आहे. जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या मेजावर धावणारी चांदीची आगगाडी आणि श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर जाणारी, २०२० मध्ये थांबलेली दोन फुटी रुळांची छोटी गाडी या शहराच्या आठवणींचा भाग आहेत. तथापि रेडिओ निवडण्याचा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. चुकीचा संच हाती घेतला, तर छंदाचे रूपांतर गुन्ह्यात आणि क्वचित अपघातातही होऊ शकते.

हवेत नेमके काय असते?

भारतीय रेल्वेचे सगळेच संभाषण हवेतून जात नाही. नियंत्रण कक्ष आणि स्थानके यांच्यातील बोलणे मुख्यतः रुळांलगतच्या तारांवरून व प्रकाशीय तंतूंवरून होते. ते कोणत्याही रेडिओवर ऐकू येणे शक्य नाही. हवेतून जाते ते गाडीभोवतीचे संभाषण. लोको पायलट आणि गार्ड (जानेवारी २०२२ पासून त्यांचे पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ असे झाले आहे) यांच्याकडे ५ वॉट शक्तीचे हातसंच असतात, तर स्थानक मास्तरांकडे २५ वॉट शक्तीचा स्थिर संच असतो. हे संच अतिउच्च कंप्रतेच्या, म्हणजे व्हीएचएफ पट्ट्यात चालतात.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे ऐकणारा किती उंचावर आहे, यावर पल्ला ठरतो. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरलेल्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज सुमारे ५ किलोमीटर असते. तीच अँटेना ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, शहरापासून सुमारे ३०० फूट उंचीवर नेली, तर ते क्षितिज ४० किलोमीटरच्या आसपास जाते. प्रत्यक्षात इमारती, टेकड्या आणि हातसंचाची अल्प शक्ती यांमुळे पल्ला पुष्कळच घटतो. पण महागड्या संचापेक्षा उंची अधिक कामाची, हा रेडिओविद्येतील जुना धडा येथे स्पष्ट होतो.

हे चित्रही बदलत आहे. काही विभागांत रेल्वेने जीएसएम-आर ही स्वतंत्र मोबाइल यंत्रणा बसवली. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील ५ मेगाहर्ट्झ लहरी रेल्वेला देण्यास मंजुरी दिली. त्यावर एलटीई यंत्रणा उभी करण्याची योजना आहे. ‘कवच’ या सुरक्षाप्रणालीत इंजिन आणि स्थानक यांच्यात रेडिओ दुवा असतो, पण त्यावरून माणसे बोलत नाहीत, यंत्रे माहिती देतात. अशा अंकीय संदेशांपुढे साधा रेडिओ निरुपयोगी ठरतो.

परदेशातील छंद, येथील कायदा

अमेरिकेत हा छंद उघडपणे जोपासला जातो. तेथील रेल्वे कंपन्या १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या आसपासचे ठरावीक चॅनेल वापरतात. त्या चॅनेलवर आपोआप फिरत राहणारे ‘स्कॅनर’ दुकानांत मिळतात आणि सर्वांना सहज ऐकू येणारे असे संभाषण ऐकण्यास तेथील संघराज्याचा कायदा सामान्यतः आडकाठी करत नाही. ब्रिटनमध्ये स्थिती निराळी आहे. तेथे स्कॅनर बाळगता येतो. परंतु आपल्यासाठी नसलेले संदेश विनापरवाना ऐकणे २००६ च्या कायद्यानुसार गुन्हा ठरतो.

भारताची भूमिका आणखी कठोर आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याविना बिनतारी यंत्र नुसते बाळगण्यासही मनाई केली. आज घरातील आकाशवाणीच्या संचाला परवाना लागत नाही, ही त्यातील सवलत आहे. एकेकाळी त्यासाठीही टपाल कार्यालयात शुल्क भरावे लागे, हे ज्येष्ठांना आठवत असेल. जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम २०२३ संमत झाला आणि जून २०२४ पासून त्यातील अनेक तरतुदी लागू झाल्या. बेकायदा रीतीने संदेश मध्येच ऐकणे किंवा हस्तगत करणे यासाठी त्यात ३ वर्षांपर्यंत कारावास, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. रेल्वेचे संभाषण हे जनतेसाठी केलेले प्रसारण नव्हे. म्हणून ते ऐकण्यासाठी संच घेणे भारतात टाळावे, हाच सरळ सल्ला. ग्वाल्हेरला याला आणखी एक पैलू आहे. शहरालगत महाराजपूर येथे वायुदलाचा महत्त्वाचा तळ आहे. अशा ठिकाणी अँटेना लावून बसलेल्या अनोळखी माणसाकडे सुरक्षा यंत्रणा कुतूहलाने नव्हे, संशयाने पाहणार.

खरा धोका कळ दाबण्यात

सर्वाधिक सावधगिरी बाळगावी ती ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त वॉकीटॉकीबाबत. ‘मी फक्त ऐकणार’ या विचाराने तो घेतला जातो. पण त्यात बोलण्याची कळही असते. एफएम पद्धतीत एकाच कंप्रतेवर दोन संदेश आले, तर ग्राहक यंत्र त्यातील प्रबळ संदेश पकडते आणि दुर्बल संदेश पुसला जातो. फलाटाजवळ उभ्या असलेल्या हौशी माणसाच्या खिशातील कळ चुकून दाबली गेली, तर दूरवरून येणारा लोको पायलटचा आवाज स्थानक मास्तरांच्या संचात विरून जाऊ शकतो. तो आवाज रुळांवरील अडथळ्याची सूचना देत असेल, तर काय घडेल याची कल्पनाच केलेली बरी.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-व्यापार संकेतस्थळांना वॉकीटॉकीच्या अवैध विक्रीबद्दल नोटिसा बजावल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक तत्त्वेही आणली. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यातील अल्पशक्तीचे, मान्यताप्राप्त हातसंच परवान्याविना वापरता येतात. संकेतस्थळावर वस्तू विक्रीला आहे, म्हणजे ती वैध आहे असे नव्हे. कंप्रता आणि प्रकारमान्यता तपासूनच खरेदी करावी.

मग संच घ्यावा तरी कोणता?

ऐकण्याची हौस भागवण्यासाठी वैध वाटा पुष्कळ आहेत. नवशिक्याने केवळ ग्रहण करणारा, म्हणजे बोलण्याची कळच नसलेला संच निवडावा. मध्यमलहरी, लघुलहरी आणि एफएम असणाऱ्या संचावर आकाशवाणीची दूरची केंद्रे आणि परदेशी प्रसारणे मिळतात. लघुलहरींवरील हौशी रेडिओ ऐकायचा असेल, तर एकपार्श्वपट्ट, अर्थात एसएसबी, ही सोय हवी. अन्यथा बोलणारा माणूस बदकासारखा ऐकू येतो.

संगणकाला जोडायचे छोटे एसडीआर उपकरण हा दुसरा पर्याय. मुळात अंकीय दूरदर्शनसाठी बनलेल्या चिपचा हा उपयोग २०१२ च्या सुमारास रूढ झाला. त्यावर लहरींचा सुमारे २ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा एकाच वेळी पडद्यावर दिसतो. शिकण्यासाठी याहून चांगली पाटी नाही. मात्र जवळच्या एफएम केंद्राच्या प्रबळ लहरींनी हे उपकरण गोंधळते. त्यासाठी गाळणी जोडावी लागते. संच कोणताही असो, तीन गुण पाहावेत : क्षीण संदेश पकडण्याची संवेदनक्षमता, शेजारचा चॅनेल वगळण्याची निवडक्षमता आणि बाहेरची अँटेना जोडण्याची सोय. तिसरा गुण अनेकजण विसरतात. दोन मीटर पट्ट्यासाठी जेमतेम अर्ध्या मीटरची उभी तार पुरते. ती गच्चीवर लावली, की साधा संचही बोलू लागतो.

हीच तार हौशी रेडिओचे दार उघडते. भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा हौशी परवानाधारकांसाठी आहे. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो. प्राथमिक श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपीचीही अट नाही. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरून १४५.८ मेगाहर्ट्झवर होणारे हौशी प्रक्षेपण, स्थानक आकाशातून सरकत असताना, साध्या अँटेनावरही पकडता येते.

आणि रेल्वे? तिची ओढ असणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. इंजिनांवर बसवलेल्या उपग्रहाधारित यंत्रणेमुळे गाडीचे स्थान दर ३० सेकंदांनी नियंत्रण कक्षाला कळते, आणि गाडी कोठे आहे हे रेल्वेच्या अधिकृत चौकशी सेवेवर कोणालाही पाहता येते. शिट्ट्यांचे संकेत, सिग्नलांचे रंग, गार्डचा हिरवा झेंडा ही रेल्वेची भाषा तर सर्वांसमक्षच बोलली जाते. ती शिकायला ना परवाना लागतो, ना रेडिओ. ग्वाल्हेरच्या फलाटावर गोवा एक्स्प्रेसची शिट्टी वाजते, तेव्हा ती कशासाठी वाजली हे ओळखता येणे, हाही एक छंदच आहे.