लांकडी गलबताची प्रतिकृति

मुळशी तालुक्यांतील मनुष्यास समुद्रावरचें गलबत पाहावयाचें झालें, तर ताम्हिणीचा घाट उतरून माणगांवावरून पुढें राजपुरीच्या खाडीपर्यंत जावें लागतें. घाटाच्या अलीकडे पाणी पुष्कळ आहे. परंतु तें गोडें आणि अडविलेलें आहे. मुळा नदीवरील टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 सालीं सेनापति बापट यांच्या पुढाकारानें सत्याग्रह झाला. तो कांहीं वर्षें चालला. धरण मात्र झालें आणि कित्येक गांवांचीं शेतें व घरें पाण्याखालीं गेलीं. आज त्याच पाण्यावर घाटाखालीं भिऱ्याच्या वीजघराचीं चक्रें फिरतात. अशा तलावाच्या कांठीं राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यास किंवा नोकरीतून मोकळ्या झालेल्या गृहस्थास आपल्या हातानें एक लहानसें लांकडी गलबत करावें असें वाटलें, तर ती इच्छा चमत्कारिक नव्हे. पण अशा इच्छेनें आरंभिलेलीं बहुतेक गलबतें माळ्यावर अर्धवट पडून राहतात. त्यांत हातांचा दोष थोडा आणि क्रमाचा दोष फार असतो. म्हणून या कामाचा क्रम कोणता व तो तसाच कां, हें समजून घेणें नवशिक्यास पटाशी धरण्याइतकेंच अवश्य आहे.

पहिला प्रश्न गलबत कोणतें निवडावें हा होय. नवशिक्याची नजर साहजिकच तीन डोलकाठ्यांच्या, शेंकडों दोऱ्यांच्या युद्धनौकेकडे जाते, आणि तेथेंच पुढील निराशेचें बीज पडतें. मराठ्यांच्या आरमारांत गुराब व गलबत हे दोन प्रमुख प्रकार होते. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार ऑर्म यानें त्यांचें वर्णन करून ठेविलें आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांचें व 150 ते 300 टनांचें असे. गलबत क्वचितच 70 टनांहून मोठें असे. त्यास दोनच काठ्या, त्यांतील मागची अगदीं बारीक, आणि मोठ्या काठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड. वारा पडला म्हणजे 40 ते 50 वल्ह्यांनीं तें चालवीत. नवशिक्यानें गुराब सोडून गलबत घ्यावें. शीड एक, दोऱ्या मोजक्या, आणि अंगाचा घाट डौलदार. थोडक्या श्रमांत पुरें होण्याजोगें असें दुसरें जहाज सांपडणें कठीण.

दुसरी गोष्ट नकाशाची. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकेची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. तिचे नकाशे विलायतेहून ‘जावा’ नांवाच्या जहाजावरून निघाले; परंतु 1812 च्या अखेरीस अमेरिकन युद्धनौकेनें ‘जावा’ला गांठून तिचा नाश केला, आणि नकाशेही गेले. गोदीं तयार होती, लांकूड मिळण्यासारखें होतें, जमशेटजी बमनजी वाडियांसारखा कसबी पुरुष हजर होता. तरीही नवे नकाशे येईपर्यंत काम थांबलें. शेवटीं 1816 सालीं पारशी रिवाजाप्रमाणें रुप्याचा खिळा ठोकून कणा बसविण्यांत आला, व 1817 च्या ऑक्टोबरांत मलबारी सागाची ती नौका पाण्यांत उतरली. इंग्लंडांत हार्टलपूल येथें ती आजही पाण्यावर उभी आहे. ज्या कामासाठीं असे निष्णात कारागीर नकाशाची वाट पाहत बसले, तें नवशिक्यानें अंदाजानें करूं जाणें हें साहसच म्हणावें लागेल. नकाशांत तीन दृश्यें हवींत: बाजूनें, वरून, आणि आडवे छेद घेतल्यावर दिसणारे आकार. यांतील छेद हे सर्वांत महत्त्वाचे; कारण त्यांवरूनच फासळ्या कापावयाच्या असतात.

प्रमाण एकास पन्नास धरावें. म्हणजे 15 मीटर लांबीचें गलबत 30 सेंटिमीटरांत बसतें, आणि 25 सेंटिमीटर रुंदीची फळी 5 मिलिमीटरांची पट्टी होते. याहून लहान केल्यास बोटांना काम दिसत नाहीं; याहून फार मोठें केल्यास घरांत ठेवावयास जागा राहत नाहीं.

आतां लांकूड. खरीं जहाजें सागाचीं, म्हणून प्रतिकृतीही सागाचीच हवी, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. लांकडाचे रेषे कांहीं प्रमाणाबरोबर लहान होत नाहींत. सागाचे ठळक रेषे लहान गलबतावर दोरखंडासारखे दिसूं लागतात. शिवाय त्याच्या अंगच्या तेलामुळें सरस नीट धरीत नाहीं. बारीक व एकसारख्या पोताचा हेदू, ज्यास कोणी हळदू म्हणतात, पट्ट्यांसाठीं उत्तम. शिवणीचें लांकूड हलकें असून तें फारसें वांकडें होत नाहीं. तें फासळ्यांस चांगलें. यासाठीं रानांतील झाडास हात लावण्याचें कारण नाहीं. वखारींत किंवा सुताराच्या दुकानांत उरलेले तुकडे पुरतात.

मुळशीसारख्या अतिपावसाच्या प्रदेशांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. लांकूड हवेंतील ओल शोषून फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. हा फरक रेषांच्या लांबींत नाममात्र, पण आडव्या अंगास बराच असतो. आषाढांत बसविलेल्या पट्ट्या फुगलेल्या असतात. फाल्गुन उजाडला कीं त्यांच्यामध्यें केंसभर फटी पडतात, आणि करणाऱ्यास वाटतें कीं सरस वाईट होता. म्हणून लांकूड घरांत निदान एक उन्हाळा मुरूं द्यावें, पट्ट्या बसविण्याचें काम दिवाळीनंतर हातीं घ्यावें, आणि पावसाळा दोऱ्या वळण्यासाठीं, शीड शिवण्यासाठीं व नकाशे काढण्यासाठीं राखून ठेवावा.

हत्यारें थोडींच लागतात: बारीक दात्यांची करवत, एक लहान रंधा, दोन पटाशा, कानस, गुण्या, कांचकागद आणि धारेचा चाकू. पट्ट्या दाबून धरण्यास कपडे वाळत घालण्याचे चिमटे व टांचण्या पुरेत. सुतार वापरतात तो पांढरा चिकट द्रव पूर्वीच्या उकळलेल्या सरसापेक्षां सोईचा पडतो.

प्रथम कणा कापावा व त्यांत ठराविक अंतरावर खांचा पाडून फासळ्या बसवाव्या. प्रत्येक फासळी कण्याशीं काटकोनांत आहे कीं नाहीं हें गुण्यानें पाहिल्याशिवाय पुढें जाऊं नये. येथें एक मिलिमीटर तिरपेपणा राहिला, तर त्यावर बसणारी प्रत्येक पट्टी तो आपल्या अंगीं घेते, आणि शेवटीं सबंध गलबत एका बाजूस पिळल्यासारखें दिसतें. मग कितीही घांसलें तरी तो पीळ जात नाहीं. सरस वाळल्यावर एक पातळ पट्टी सर्व फासळ्यांवरून वांकवून पाहावी. ती जेथें अधांतरी राहील तेथें फासळींत उणें आहे. जेथें अडेल तेथें अधिक आहे. उणें तेथें कपची चिकटवावी, अधिक तेथें कानस लावावी.

यानंतर पट्ट्या बसविणें. बहुतेक नवशिके येथेंच हात टेकतात. कारण साऱ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या ठेवून गलबत झांकतां येईल अशी त्यांची कल्पना असते. परंतु गलबताचें पोट मोठें व टोंकें निमुळतीं असतात. समजा, मधल्या फासळीवर कांठापासून कण्यापर्यंत 75 मिलिमीटर अंतर आहे. तेथें 5 मिलिमीटरांच्या 15 पट्ट्या बसतात. नाळेपाशीं तेंच अंतर 45 मिलिमीटर असेल, तर त्याच 15 पट्ट्या तेथें बसावयास प्रत्येकीची रुंदी 3 मिलिमीटरच पाहिजे. म्हणून प्रत्येक पट्टी मध्यापासून टोंकाकडे हळूहळू निमुळती तासावी. हा साधा भागाकार आधीं केला नाहीं, तर पट्ट्या एकमेकींवर चढतात किंवा वर वळूं लागतात. तसेंच एक पट्टी डावीकडे बसविली कीं दुसरी उजवीकडे बसवावी. एकच बाजू आधीं पुरी केल्यास त्या पट्ट्यांच्या ताणानें कणा धनुष्यासारखा वांकतो.

पट्टी वांकविण्यासाठीं ती अर्धा तास पाण्यांत भिजवून तापलेल्या लोखंडावरून सावकाश फिरवावी. ओल व ऊब यांनीं लांकडांतील तंतूंना जखडून ठेवणारें द्रव्य नरम होतें, आणि थंड झाल्यावर तें नव्या आकारांत पुन्हां घट्ट होतें. घाई करून कोरडीच वांकविल्यास पट्टी मोडते. न मोडली तर सरसाशीं जन्मभर झगडत राहते.

अंग पुरें झालें कीं कांचकागदानें घांसून वर तेलाचा हात द्यावा. डोलकाठी वरच्या टोंकाकडे निमुळती करावी. शिडासाठीं जाड मांजरपाट न घेतां जुनी मलमल घ्यावी; कारण रेष्यांचा नियम सुतासही लागू आहे.

कांहींना गलबत कपाटांत ठेवून समाधान होत नाहीं. तें तरंगलें पाहिजे. येथें निसर्गाचा एक नियम आड येतो. पन्नासपट लहान गलबताच्या शिडाचें क्षेत्र 2,500 पट कमी होतें, पण वजन 1,25,000 पट कमी होतें. हिशेब मांडला म्हणजे असें दिसतें कीं, त्याच वाऱ्यापुढें ही प्रतिकृति खऱ्या गलबतापेक्षां पन्नासपट दुबळी ठरते. म्हणून कण्याखालीं शिशाचें वजन लावावें व शीड आटोपशीर ठेवावें. पहिली परीक्षा घरच्या घंगाळांतच घ्यावी. धरणाचें पाणी खोल असतें, आणि मुलांनीं वाहून चाललेल्या गलबतामागें त्यांत उतरणें प्राणावर बेतूं शकतें.

प्रतिकृति हें केवळ पोरखेळाचें साधन आहे, असें मात्र कोणी समजूं नये. इंग्लंडांत विल्यम फ्रूड यानें 1872 च्या सुमारास लांब हौद बांधून लहान नौका ओढून पाहिल्या, आणि त्यांवरून मोठ्या जहाजास पाण्याचा विरोध किती होईल हें काढण्याची रीत बसविली. पंचविसाव्या हिश्शाची प्रतिकृति पंचमांश वेगानें ओढली म्हणजे तिच्यापुढें उठणाऱ्या लाटा खऱ्या जहाजाच्या लाटांसारख्याच उठतात, हें त्या रीतीचें मर्म. पुण्याजवळ खडकवासल्यास असलेली, 1916 सालीं स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत् संशोधन संस्था बंदरें व धरणें यांचे प्रश्न अशाच लहान प्रतिकृति बांधून सोडवीत आली आहे.

याचें अगदीं ताजें उदाहरण ‘कौंडिण्य’ या नौकेचें. अजिंठ्याच्या लेण्यांत पांचव्या शतकांतलें एक जहाज रंगविलेलें आहे. त्याचा नकाशा नाहीं, अवशेष नाहीं. आहे तें केवळ चित्र. त्यावरून खिळ्यांनीं न ठोकतां काथ्याच्या दोरीनें फळ्या शिवलेलें जहाज गोव्यांत बांधलें गेलें. केरळांतील कारागिरांच्या चमूचे प्रमुख बाबू शंकरन् हे होते. चित्रांतलें जहाज समुद्रांत टिकेल काय, हें पाहण्यासाठीं मद्रासच्या आय्. आय्. टी.मध्यें प्रथम त्याच्या प्रतिकृतीची परीक्षा झाली. 21 मे 2025 रोजीं कारवार येथें तें भारतीय नौदलांत दाखल झालें. 29 डिसेंबरला पोरबंदरहून निघून केवळ शिडांच्या बळावर 14 जानेवारी 2026 रोजीं तें मस्कतास पोंचलें. फळ्या शिवण्याची विद्या कांहीं थोड्या हातांत शिल्लक होती, म्हणून हें घडलें. ते हातही नसते, तर अजिंठ्याचें जहाज भिंतीवरच राहिलें असतें.

नवशिक्याचें पहिलें गलबत बहुधा थोडें वांकडें होतें. एखादी फट राहते, शीड ढिलें पडतें. तें फेंकून देऊं नये. त्याच्या तळाशीं वर्ष लिहावें, आणि चूक कोणत्या पायरीवर झाली तें वहींत टिपून ठेवावें. दुसरें गलबत बांधतांना नकाशाइतकाच त्या वहीचाही उपयोग होतो.