झाडे बोलतात, ऐकणारे हवेत

बालीत पारंपरिक वैद्यकाला ‘उसदा’ म्हणतात. आपल्या ‘औषध’ या शब्दाचेच ते रूप. हे कळले तेव्हा दूरच्या बेटावर घरचे माणूस भेटावे तसा मला आनंद झाला.

तिथला वैद्य म्हणजे ‘बालियन’. ताडपत्रावरच्या ‘लोंतार’ पोथ्या वाचून तो उपचार करतो. त्यांतली ‘तरु प्रमाण’ ही पोथी मोठी गोड आहे. मपू कुतुरान यांच्या औषधाला गुण येईना, म्हणून ते ध्यानाला बसले; तेव्हा एकेक झाड पुढे येऊन आपले गुण सांगू लागले, अशी तिची कथा. झाडांची उष्ण, थंड आणि मध्यम ही तिथली वर्गवारी आपल्या आजीबाईंना समजावून सांगावी लागणार नाही.

पेंगलिपुरान गावात ‘लोलोह चेमचेम’ मिळते. चेमचेम म्हणजे आपला अंबाडा. कोकणात आपण फळाचे रायते करतो, तिथे पानांचा रस पितात. अंग दुखले की तांदूळ, आले, लवंग वाटून ‘बोरेह’ नावाचा लेप लावतात.

सिंगराजाच्या ‘गेडोंग कीर्त्या’ ग्रंथालयात १९२८ पासून पोथ्या जपल्या आहेत. इंडोनेशियाच्या ‘जामू’ परंपरेला २०२३ मध्ये युनेस्कोनेही मान दिला. पण पान ओळखणारी नजर कपाटात कशी ठेवणार? भातखाचरे जाऊन हॉटेले उठतात, तेव्हा बांधावरचे झाड जाते आणि मागोमाग त्याचे नावही.

प्रत्येक दुखण्याला पाला पुरतो, असे मी म्हणणार नाही. ताप हटेना तर डॉक्टरच गाठावा. पण आपल्या परसातल्या पाच झाडांची नावे तरी आपली मुले सांगू शकतील का?