वहीत दिसणारा आजार

व्यापारी घरात हा आजार पुष्कळदा प्रथम वहीत दिसतो. आजवर हिशेबी म्हणून ओळखला जाणारा धाकटा भाऊ अचानक रात्र-रात्र जागतो, पण थकत नाही. आठवड्यात तीन सौदे तोंडी पक्के करतो, उधारीवर गोदाम भरतो आणि कोणी अडवल्यास भर पेढीवर वडिलांवर ओरडतो. काही दिवस घराला तो उत्साहच वाटतो! पुढे तोच भाऊ महिनोन्‌महिने अंथरुणातून उठत नाही, तेव्हा त्यास आपण आळशी म्हणतो. उन्माद आणि नैराश्य यांच्या या आवर्तनास वैद्यक ‘बायपोलर’ अर्थात द्विध्रुवी विकार म्हणते.

यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. बालपणाच्या वाट्याविषयी मात्र घरात बोलले जात नाही. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. हा विकार असलेल्यांनी बालपणी आघात सोसलेला असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे २.६ पट आढळली. भावनिक छळाबाबत तर सुमारे ४ पट. एखाद्या वेळचे रागावणे म्हणजे छळ नव्हे. परंतु गिऱ्हाइकांसमोर, नोकरांसमोर वर्षानुवर्षे ‘तुझ्याच्याने काही होणार नाही’ हे ऐकणे आपण ‘वळण लावणे’ या नावाखाली खपवतो. भयात वाढलेल्या मुलास विचारापूर्वी कृती करण्याची सवय जडू शकते. उन्माद ओसरल्यावरही काहींचा उतावळेपणा राहतो, तो निव्वळ स्वभावदोष समजू नये. अर्थात, बालपण सुखाचे गेलेल्यांनाही हा विकार होतो. प्रत्येक आईवडिलांनी स्वतःस आरोपी समजण्याचे कारण नाही.

झोप घटू लागली की डॉक्टरांना कळवावे. प्रकृती ठीक असतानाच रुग्णाच्या संमतीने ठरवावे, की मोठ्या सौद्यास दोन सह्या लागतील आणि खात्यास मर्यादा राहील. १९४९ पासून वापरात असलेले लिथियम आजही प्रभावी आहे. त्याची रक्ततपासणी चुकवू नये. आपल्याकडील निर्जळ उपवासांत शरीरातील पाणी घटून रक्तातील लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. पर्युषणात अठ्ठाईचा संकल्प करण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. सल्ल्यासाठी शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

उन्मादाच्या भरात जुन्या जखमा उकरू नयेत. मन स्थिरावल्यावर, समुपदेशकासमोर ते बोलणे व्हावे. आणि रुग्णाची इच्छा असल्यास वडिलांनीही तेथे बसावे व मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.