भट्टीतला जाळ, तळहातावर

दिवाळीच्या दिवसांत पनवेलच्या बाजारात बॅटरीवरच्या पणत्या ढिगाने मिळतात. ज्योत थरथरणारी एखादी उघडली, की आत इवलासा पिवळा एलईडी निघतो. थरथर घडवणारी चिप त्याच्याच पोटात असते. वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती बाळगणाऱ्याला भट्टी पेटवायला याहून स्वस्त सामान नाही.

तरीही मी ते जसेच्या तसे वापरत नाही. पणती वाऱ्याने हलते, भट्टी मात्र इंजिनाच्या श्वासावर पेटते. सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून वर झेपावताना बॉयलरच्या नळ्यांतले गरम वायू ओढून घेते आणि खालच्या जाळीतून ताजी हवा निखाऱ्यांत शिरते. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार फुत्कार होतात. म्हणूनच चढणीला जाळ पांढरट पिवळा होतो आणि फलाटावर उभ्या इंजिनात तो तांबूस पडून राहतो. प्रतिकृतीत यासाठी दोन एलईडी लागतात: एक गडद नारिंगी, मंद आणि सतत जळणारा, दुसरा पिवळा, वेगाबरोबर उसळणारा. प्रतिकृतीतून आवाज काढणाऱ्या काही साउंड डिकोडरांत फावड्याच्या आवाजाबरोबर भट्टी उजळवण्याची सोयही असते. कोळसा टाकायला दार उघडते तेवढाच वेळ केबिन उजळावी, हे त्यातले मर्म.

समोरच्या दिव्याचे गणित वेगळे. आपल्या डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी इंजिनांवर वाफेवर फिरणारे छोटे जनित्र असे, त्यामुळे इंजिन थांबले तरी दिवा विझत नसे. साध्या डीसी रुळांवरच्या प्रतिकृतीत मात्र गाडी थांबली की दिवाही गेला. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांवर वीज कायम असते, म्हणून हा दोष राहत नाही.

रंग उबदार पांढराच घ्यावा. निळसर पांढऱ्या दिव्याने जुने इंजिन क्षणात खोटे वाटते. त्याहून मोठी चूक म्हणजे झगमगाट. 12 व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला सुमारे 3 व्होल्ट लागतात, उरलेले 9 रेझिस्टरने पेलायचे. 1 किलोओहम लावला तर 9 मिलिअँपिअर वाहतात, आणि 1:87 मापात तो दिवा सर्चलाइटसारखा दिसतो. 4.7 किलोओहमने प्रवाह 2 मिलिअँपिअरच्या खाली येतो. तो मला पुष्कळ वाटतो. प्लास्टिकच्या बॉयलरमधून उजेड झिरपू नये म्हणून आतून काळा रंग द्यावा, नाहीतर सगळे इंजिनच कंदिलासारखे उजळते.

हे सारे अंधारात पारखायचे असते. चालत्या प्रतिकृती पाहायच्या तर पुण्याला जावे: कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी खुले झाले. छोट्या शहरातून धावणाऱ्या गाड्यांचा तिथला खेळ या छंदातल्या प्रत्येकाने पाहावा. खऱ्या इंजिनाचा अंदाज घ्यायला पनवेलकराला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या नेरळहून 1907 साली दोन फुटी रुळांवर माथेरानची गाडी सुरू झाली, तिची जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने बांधलेली इंजिने वाफेवर चालत. त्यांपैकी एक नेरळ स्थानकात जपून ठेवले आहे.

ते पाहताना केबिनच्या छताकडे लक्ष द्यावे. भट्टीचे दार उघडले की जाळाचा उजेड फायरमनच्या पायांवर, कोळशावर आणि या छताच्या आतल्या बाजूवर पडतो. प्रतिकृतीत छत आतून काळे ठेवले तर तो गिळला जातो. तिथे मळकट करड्या रंगाचा पातळ हात द्यावा आणि एलईडी दाराच्या मागे, किंचित वर वळवून बसवावा.